वाढत्या अंगाचं

क्योटो,
२८ ऑक्टोबर

प्रिय चिमे,

तुझं पत्र आणि खणाचं परकर-पोलकं, दोन्ही परवा पोचलं. लेकीने ते घातलं आणि रात्री झोपतानाही काढू दिलं नाही. ती झोपल्यावर मी सवयीने परकराची खालची दुमड चाचपून पाहिली. चांगली चार बोटं आत घेतली आहेस, कमरेलाही दोन टक. पत्रात लिहिलं आहेस, "वाढत्या अंगाचं शिवलंय, दोन दिवाळ्या सहज जातील." तो शब्द कितीतरी वर्षांनी वाचला गं. वाईला आपल्या दोघींचे गणवेश तुझी आई असेच शिवायची. जूनमध्ये फ्रॉक गुडघ्याच्या खाली आणि पुढच्या मार्चपर्यंत बरोबर गुडघ्यावर.

तू विचारलंस, इथल्या लहान मुली सणाला काय घालतात, आणि त्यांचा किमोनो म्हणजे मोठ्या बायकांचाच छोटा करून शिवलेला असतो का. त्याचं उत्तर देण्यासारखं या महिन्यात खूप साठलं आहे. चहा घेऊन बस.

येत्या १५ नोव्हेंबरला इथे 'शिचि-गो-सान' आहे, म्हणजे सात-पाच-तीन. तीन आणि सात वर्षांच्या मुली आणि पाच वर्षांचे मुलगे नवे कपडे घालून देवाला जातात. हातात एक लांबट कागदी पिशवी असते आणि तिच्यात लाल-पांढऱ्या कांड्यांची गोळी, 'हजार वर्षांची गोळी' म्हणतात तिला. पूर्वी तिसऱ्या वर्षापर्यंत मुलांचं डोकं भादरत आणि मग केस वाढवायला सुरुवात होई. आपल्या जावळाची आठवण होते की नाही? पाचव्या वर्षी मुलगा पहिल्यांदा हाकामा, म्हणजे किमोनोवरचा चुण्यांचा घोळदार पायजमा, घाले. सातव्या वर्षी मुलीच्या किमोनोला शिवलेले बंद काढून टाकत आणि तिच्या कमरेला पहिल्यांदा खरा ओबी, म्हणजे रुंद कमरपट्टा, बांधत. लहानपणी मुलं फार दगावायची, त्यामुळे एवढी वर्षं निभावली याचाच हा उत्सव. आमची यंदा तीन वर्षांची झाली.

किमोनो भाड्याने आणायचं ठरवलं होतं. बहुतेक जण तसंच करतात, आणि दुकानातले पॉलिएस्टरवर छापलेले किमोनो दिसायला छान असतात, धुवायला सोपे. पण शेजारच्या आजींना कळलं आणि त्या दुसऱ्या दिवशी दारात उभ्या. हातात जाड पांढऱ्या कागदाची घडी, वर सुतळीसारखा बंद. आत त्यांच्या लेकीचा, ती तीन वर्षांची असतानाचा किमोनो होता. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा. लाल रेशीम, अंगभर पांढरे बारीक ठिपके, आणि खालच्या घेराला तीन चेंडू रंगवलेले. इथे रंगीत दोऱ्यांनी मढवलेले 'तेमारी' नावाचे चेंडू असतात, ते. आजी म्हणाल्या, "तुझी मुलगी माझ्या मुलीपेक्षा उंच आहे. आपण दोघी बसून उसवू."

तू शिवणारी आहेस म्हणून आधी बेतणं सांगते. किमोनोचं कापड अरुंद पन्ह्याचं असतं, साधारण ३६ ते ३८ सेंटीमीटर, आणि लांबी बारा मीटरच्या आसपास. ते सरळ सरळ पट्ट्यांत कापतात. गळ्याला नाही, काखेला नाही, कात्री गोल फिरतच नाही. जिथे जास्त होतं तिथे कापून टाकत नाहीत, आत दुमडून शिवतात. त्यामुळे अख्खा किमोनो उसवला की पट्ट्या पुन्हा टोकाला टोक जोडून जवळजवळ मूळचं लांब कापड करता येतं. पूर्वी बायका असंच करून तो धूत, खळ देऊन फळ्यांवर ताणून वाळवत आणि पुन्हा शिवत. आईचा किमोनो विटला की त्याच कापडाचा लेकीचा.

मुलांच्या किमोनोत तर तुझंच सूत्र आहे. कापड मोठं घ्यायचं आणि खांद्यावर एक टक, कमरेवर एक टक घालून तो लहान करायचा. खांद्यावरच्या टकाला 'काता-आगे' म्हणतात, कमरेवरच्याला 'कोशि-आगे'. मूल वाढलं की टक सोडत जायचे. पण गंमत अशी की हे टक लपवत नाहीत. खांद्यावरची ती उभी दुमड स्पष्ट दिसते आणि दिसावी असंच असतं. अंगावर ती आहे तोवर हे मूल आहे. इथल्या शिकाऊ नर्तकी, माइको, वयाने मोठ्या झाल्या तरी खांद्यावर आणि बाह्यांवर टक ठेवतात, कारण पूर्वी त्या पोरवयातच शिकायला येत. आणि तेराव्या वर्षी इथली मुलं आराशियामाच्या होरिनजी देवळात बुद्धी मागायला जातात, तेव्हा मुलीला बाईमाणसाच्या मापाचा पूर्ण किमोनो नेसवतात, फक्त खांद्यावर टक घालून. परतताना पूल ओलांडेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही, नाहीतर मिळालेली बुद्धी परत जाते. गेल्या एप्रिलमध्ये मी त्या पुलाजवळ उभी राहून पाहिलं. मुली मान ताठ करून चालल्या होत्या आणि आया मागून हाका मारत नव्हत्या.

तर आम्ही उसवायला बसलो. आजींनी चष्मा लावला, चिमुकल्या कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं. खांद्यावरचा टक त्यांच्या आईने घातला होता, रेशमी दोऱ्याने, बाहेरून तांदळाच्या कणीएवढा टाका. शेवटचा टाका निघाला, आजींनी दोन्ही हातांनी कापड अलगद बाजूला ओढलं आणि दुमड उघडली. चिमे, मी श्वास रोखला. किमोनो लाल आहे असं मी समजत होते, पण आतून जी पट्टी बाहेर आली ती खरी लाल होती. ओल्या कुंकवासारखी. बाकीचं कापड अठ्ठेचाळीस वर्षांत विटून मवाळ झालं होतं आणि दुमडीतल्या रंगाला ऊन लागलंच नव्हतं. आजी बराच वेळ त्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिची वाढ इतकी झालीच नाही, हा टक कधी सोडावाच लागला नाही. सातव्या वर्षी तिच्या आत्याने नवा पाठवला." एवढंच बोलल्या आणि पुढचा टाका उसवायला घेतला.

आता त्या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल. ते छापलेले नाहीत, विणलेले नाहीत. एकेक ठिपका बांधून काढलेला आहे. आपण ज्याला बांधणी म्हणतो तेच घराणं, इथे 'शिबोरी' म्हणतात, आणि या बारीक ठिपक्यांच्या प्रकाराला 'कानोको', म्हणजे हरणाचं पाडस, त्याच्या पाठीवर असतात तसे. चिमटीत कापडाचं टोक धरायचं, बोटांनीच त्याच्या चार घड्या करायच्या आणि त्यावर रेशमी दोऱ्याचे वेढे देऊन आवळायचं. मग पुढचा. रंगवून झाल्यावर कापड ओढलं की दोरे सुटत जातात. तुझ्या आईची जामनगरची बांधणी आठवते ना, तिचे ठिपके गोल होते. हे नीट पाहिले तर चौकोनी आहेत, किंचित तिरपे, आणि प्रत्येकाच्या मधोमध लाल टिंब, जिथे टोकाला रंग चाटून गेला ते. आणि इस्त्री करत नाहीत. बांधलेल्या जागी कापडाला जो उभार येतो तो तसाच ठेवतात, त्यामुळे अख्खं कापड सुरवंटासारखं जिवंत लागतं हाताला. लेकीने त्यावर गाल घासून पाहिला.

सुती शिबोरी पाहायची तर नागोयाजवळ आरिमात्सु नावाचं गाव आहे, १६०८ साली वसलेलं. एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योटो यांना जोडणाऱ्या जुन्या तोकाइदो रस्त्यावरून जाणाऱ्या वाटसरूंना निळ्या ठिपक्यांची कापडं विकूनच ते गाव उभं राहिलं. उन्हाळ्यात मुलं युकाता, म्हणजे हलका सुती किमोनो, घालतात, त्यावर लाल मासे पोहत असतात, आणि कमरेला बांधायचा मऊ चुणीदार पट्टा मागे सोनमाशाच्या शेपटीसारखा सुटलेला असतो. तो एक मी तुझ्या धाकट्यासाठी घेऊन ठेवला आहे.

लाल रंगाचं एक सांगायचं राहिलं. आजींच्या किमोनोचा लाल कारखान्यातल्या रंगाचा. पण जुन्या काळी मुलांच्या किमोनोचं अस्तर, आतले कपडे 'बेनिबाना'च्या फुलांनी लाल करत. त्याने अंगात ऊब राहते आणि मुलाला काही बाधत नाही अशी समजूत. बेनिबाना म्हणजे काय माहीत आहे? करडई! मी चित्र पाहिलं आणि ओरडलेच. आपण जिची कोवळी पानं परतून भाकरीशी खातो, जिचं तेल गाळतो, तीच. 'कुसुंबी' रंग म्हणतो तो हिच्याच फुलाचा, पण आपल्याकडे आता कोण काढतो तो? इथे यामागाता भागात मोगामी नदीच्या खोऱ्यात ती रंगासाठी लावायचे, अजूनही थोडी लावतात. काटे बोचू नयेत म्हणून दंवाने ओली असतानाच, पहाटे फुलं खुडायची. फुलात पिवळा रंग उदंड आणि लाल शेकडा एक भाग जेमतेम. पिवळा पाण्यात धुऊन घालवायचा, मग राखेच्या पाण्यात लाल उतरवायचा आणि त्यात आंबट घालून तो कापडावर बसवायचा.

आणि ते तीन चेंडू. ते 'युझेन' पद्धतीने रंगवले आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीला क्योटोत मियाझाकी युझेन नावाचे पंखे रंगवणारे होते, त्यांच्यावरून हे नाव पडलं. हे काम कसं चालतं ते पाहायला आजींनी मला त्यांच्या ओळखीच्या एका कारागिराकडे नेलं. छोटं घर, पुढच्या खोलीत पांढरं रेशीम बांबूच्या बारीक काड्यांवर ताणलेलं. आधी निळ्या शाईने चित्र काढतात. ती शाई एका फुलाचा रस, 'आओबाना'. बिवा सरोवराजवळच्या कुसात्सु गावात त्यासाठी मुद्दाम लावतात. पाणी लागलं की खुणेपुरतीसुद्धा उरत नाही. मी फूल ओळखलं, अगं, आपला केना! तेच कूळ, फक्त पाकळ्या मोठ्या. पावसाळ्यात बांधावर निळं उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं ते. म्हणजे फुलाच्या आधाराने फूल काढतात.

मग त्या निळ्या रेघेवर चिकट तांदळाचं पीठ आणि कोंडा शिजवून केलेल्या लापशीची रेघ. ती ओततात कशाने? मेंदीच्या कोनाने म्हणशील इतका सारखा कोन, फक्त कागद पर्सिमन नावाच्या फळाच्या तुरट रसाने कडक केलेला आणि टोकाला धातूची नळी. कारागीर श्वास सोडत सोडत रेघ ओढत होते, मध्ये तुटू न देता. वाळली की ती रेघ म्हणजे बांध. चेंडूच्या एका फाकेत गुलाबी भरला तर शेजारच्या हिरव्यात जात नाही. सगळे रंग ब्रशने भरायचे, खालून मंद आच देत. मग रंगवलेलं चित्र लापशीने पूर्ण झाकायचं आणि रुंद ब्रशने मागची जमीन रंगवायची. मग वाफवायचं आणि शेवटी भरपूर पाण्यात धुवायचं. पीठ वाहून जातं आणि जिथे बांध होता तिथे दोऱ्याएवढी पांढरी रेघ उरते. आजींच्या किमोनोवर चेंडूच्या प्रत्येक फाकेभोवती ती रेघ आहे, कुठे जाड कुठे बारीक, कारण ती माणसाच्या हाताने ओढलेली आहे. आता तर मी रस्त्यात पोरींच्या किमोनोवर आधी तीच शोधते.

हे धुणं पूर्वी कामो नदीत व्हायचं. लांबच लांब रंगीत पट्टे प्रवाहात सोडलेले. नदी खराब होते म्हणून बंद झालं, आता आत टाक्यांमध्ये धुतात. ऐकताना मला कृष्णेचा घाट दिसत होता, आपल्या आयांच्या लुगड्यांची पिळी सोडून पाण्यात पसरलेली.

सगळंच सुंदर आहे असं नाही, तेही सांगायला हवं. दर महिन्याच्या २१ तारखेला इथे तोजी देवळाच्या आवारात जुना बाजार भरतो. तिथे मुलांच्या किमोनोंचे ढीग असतात. मी एक लहान मुलग्याचा उचलला, तान्ह्याला देवाला नेताना वरून पांघरतात तसला. रंगकाम इतकं नाजूक की मी कौतुकाने उलगडला, आणि पाठीवर विमानं, रणगाडे, झेंडे. १९३० च्या दशकातला. तशा कापडांचा त्या काळी सुळसुळाट होता म्हणे, आगगाड्या-जहाजांच्या चित्रांनी सुरुवात झाली आणि मग युद्धाची चित्रं आली. महिन्याच्या बाळाच्या अंगावर रणगाडा. ज्याच्या अंगावर तो होता त्याचं पुढे काय झालं असेल, हे मनातून जात नाही. मी तो घडी घालून परत ठेवला.

त्याच ढिगात खाली एक साधा निळा सुती किमोनो होता, तो मात्र घेऊन आले. अगदी तान्ह्याचा. इतक्या लहान किमोनोची पाठ एकाच पन्ह्यात भागते, म्हणजे मोठ्यांच्या किमोनोला पाठीच्या मधोमध जी शिवण असते ती याला नसते. जपानीत शिवणीला 'नुइमे' म्हणतात आणि त्यातला 'मे' म्हणजे डोळा. पाठीवरचा तो डोळा मागून येणाऱ्या वाईटावर लक्ष ठेवतो. तान्ह्याच्या पाठीला डोळा नाही, मग आई तिथे हाताने टाके घालायची. बहुतेकदा बारा, बारा महिन्यांचे, मानेखाली सरळ आणि मग तिरपे. शेवटी दोरा कापायचा नाही, लोंबता ठेवायचा. मूल चुलाणात किंवा विहिरीत पडायला लागलं तर देवाला तो दोरा धरून वर ओढता यावा म्हणून. 'से-मामोरी', पाठराखण. माझ्या त्या निळ्या किमोनोवर लाल दोऱ्याचे टाके आहेत, मी मोजले, बारा, आणि दोऱ्याचं टोक अजून लोंबतं आहे. कुणाच्या आईने घातले, कोण जाणे. आपण गालाला तीट लावतो, ही पाठीला लावतात.

आता ज्याच्यासाठी खरं हे पत्र लिहितेय ते.

कानाझावाला शिंजोजी नावाचं एक देऊळ आहे. तिथे किशिमोजिन ही मुलांची राखण करणारी देवी आहे. तिथल्या बायकांची एक रीत होती. आधीची मुलं जगली नसतील किंवा मूल अशक्त असेल तर शंभर घरी जाऊन एकेक चिंधी मागायची, ज्या घरात मुलं धडधाकट वाढली, म्हातारी माणसं आहेत अशा घरांतून, आणि त्या जोडून बाळाचा किमोनो शिवायचा. 'ह्याकुतोकु', शंभर पुण्यांचा. मूल वाढलं की तो देवीला वाहायचा. त्या देवळात असे वाहिलेले किमोनो जपून ठेवले आहेत, सरकारने त्यांना राष्ट्रीय लोकवारसा म्हणून मान दिला आहे. हातभर उंचीचे, आणि त्यात रेशीम, सूत, ठिपके, फुलं, चौकडी, तळहाताएवढे तुकडे, काही त्रिकोणी, काही बोटाएवढे. मला माझे बाबा आठवले. त्यांच्या आधीची दोघं गेली म्हणून आजीने त्यांना धोंडू म्हणायला सुरुवात केली आणि पाच घरची जुनी कापडं मागून आणून पहिलं झबलं शिवलं होतं. नशिबाने पाहू नये म्हणून मूल मागून आणलेलं, दगडासारखं.

आणि ही किशिमोजिन कोण, माहीत आहे? हारीती! दुसऱ्यांची मुलं खाणारी यक्षी. बुद्धाने तिचं धाकटं लेकरू लपवलं तेव्हा तिला कळलं, आणि मग ती सगळ्यांच्या मुलांना जपू लागली. नववीच्या सहलीत अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात तिच्यासमोर आपण दोघी उभ्या होतो, नवऱ्याशेजारी, पांचिकाशेजारी बसलेली, आठवतंय? तू म्हणाली होतीस, "बघ, हिच्या मांडीवर मूल आहे."

मला फेब्रुवारीत दुसरं बाळ होणार आहे. डॉक्टर सगळं ठीक म्हणतात, पण मागच्या वर्षी जे झालं ते तुला माहीत आहे. पोटात भीती आहे आणि ती मी इथे कुणाला सांगत नाही. तुला सांगते.

मला तुकडे हवेत. तुझ्या आईच्या इरकलीचा एक. आपल्या शाळेतल्या बाईंच्या पातळाचा, असेल तर. घाटावरच्या फुलवाल्या मावशींचा. तुझ्या दुकानात परकर शिवायला येणाऱ्या बायकांकडून, त्यांची मुलं धडधाकट आहेत अशांकडून. खणाच्या उरलेल्या पट्ट्या चालतील, विटलेले चालतील, फक्त धुतलेले असू देत. शंभर नाही जमले तरी जितके होतील तितके. जोडायचं काम आजी आणि मी करू, त्या म्हणाल्या आहेत. त्यांच्या लाल किमोनोतल्या दुमडीची, ऊन न लागलेली एक चतकोर पट्टीही त्या देणार आहेत, आतल्या बाजूची, कुठे कमी पडणार नाही अशी. पाठीवरचे बारा टाके मात्र तू घालून पाठव. वेगळ्या कापडावर घातलेस तरी मी बसवून घेईन. दोरा लांब सोड.

१५ तारखेचे फोटो पाठवतेच. लेकीचा हट्ट आहे की लाल किमोनो देवळात घालणार आणि घरी आल्या आल्या तुझा परकर.

आईला नमस्कार, धाकट्याला पापा.

तुझी,
बाकावरची शेजारीण